इथवर कशानं आलात?

डॉ. वत्सला आंबेकर यांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या मैदानावर झाली, आणि त्या पहिल्याच भेटीत त्यांनी माझी शिट्टी काढून घेतली. गौरवग्रंथाची सुरुवात अशी करू नये, असं संपादकांनी मला बजावलं होतं. पण घडलं ते असं घडलं, त्याला मी काय करणार?

नारायणगावच्या एका शाळेत मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ती गोष्ट. सकाळी नववीच्या मुलांची कवायत चालली होती आणि माझी शिट्टी पार पुणे-नाशिक रस्त्यापर्यंत ऐकू जात होती. तारेच्या कुंपणापलीकडे पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या एक बाई हाताची घडी घालून बराच वेळ उभ्या होत्या. कुणाची तरी आजी डबा घेऊन आली असेल, असं समजून मी दुर्लक्ष केलं. कवायत संपल्यावर त्या सरळ आत आल्या.

"सर, मी डॉक्टर आंबेकर. मला म्हातारी माणसं चालवायची आहेत. हृदयाचे पेशंट. तुम्ही मदतीला याल?"

"म्हाताऱ्यांची कवायत?" मला हसूच आलं.

"कवायत नाही, चालणं. तुमचा आवाज मला हवा आहे. ही शिट्टी मात्र माझ्याकडे द्या. हिनं धडधाकट माणसाच्या छातीत धस्स होतं."

त्यांनी हात पुढे केला आणि मी मुकाट्यानं गळ्यातली शिट्टी काढून दिली. मुलं बघत होती. ज्या सरांपुढे आपण चळाचळा कापतो त्या सरांना एक बाई गप्प करतात, हे पाहून त्यांना काय आनंद झाला असेल! त्या दिवसापासून आजपर्यंत मी बाईंचा विद्यार्थी आहे, आणि आज त्यांची पंचाहत्तरी होते आहे या आनंदात लिहिताना मी भरकटणार. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

निवृत्त झाल्यावर आमच्याकडची माणसं पुण्यात फ्लॅट घेतात. बाई उलट्या दिशेनं आल्या. पुण्याच्या सरकारी नोकरीत त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्तीनंतर त्या आईच्या माहेरगावी, नारायणगावात येऊन राहिल्या. दोन खोल्यांचा दवाखाना काढला. त्याच सुमारास आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात पेसमेकर बसवलेली माणसं दिसू लागली होती. हृदयाचे ठोके फार मंद पडले, मधूनच थांबू लागले, की गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत काडेपेटीएवढं यंत्र बसवतात. त्यातली तार हृदयात जाते आणि चुकलेला ठोका यंत्र देतं. ऑपरेशन पुण्यात व्हायचं आणि माणूस एस.टी.नं नाहीतर जीपनं घरी यायचा. घरी आल्यावर त्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न बाईंना पडला. त्या उत्तर शोधायला घरोघर गेल्या. उत्तर सगळीकडे एकच होतं, खाट.

होय, खाट! ज्या यंत्रानं माणूस उभा राहावा, ते बसवल्यावर आम्ही माणसाला आडवं करत होतो. कारण काय, तर यंत्रात बॅटरी असते. आमच्याकडे वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही. मोटारीचा स्टार्टर जपायचा, टॉर्चचे सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरायचे, ही आमची शिकवण. मग छातीतली बॅटरी उधळायची कशी? म्हातारा जितका कमी हलेल तितकी ती जास्त टिकेल, हा हिशोब घराघरांत पक्का झाला होता. त्यात दुष्टपणा नव्हता हो. जिवापाड माया होती, आणि त्या मायेनं माणसं वाळत चालली होती.

डिंभ्याच्या हौसाबाईंचं उदाहरण सांगतो. धरणाच्या पाण्यात जाळी टाकणाऱ्या घरातली ही बाई. यंत्र डाव्या बाजूला बसवलं म्हणून घरच्यांनी डावा हात छातीशी जो बांधला तो बांधलाच. सुरुवातीचे काही आठवडे हात खांद्याच्या वर नेऊ नये, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते आठवडे कधीच सरले होते, पण सोडायचं कुणी? खांदा गच्च धरला, वेणी घालता येईना. डॉक्टरबाई आणि मी एस.टी.नं डिंभ्याला गेलो. परतीची गाडी येणार की नाही हे कंडक्टरलाही सांगता येत नव्हतं. बाईंनी भिंतीवर बोटं चालवत हात हळूहळू वर नेण्याचा व्यायाम शिकवला. हौसाबाईंनी दोनदा केला आणि सून घाबरून म्हणाली, "आत्याबाई, असं नका करू. बघणाऱ्याला वाटंल अंगात आलंय."

कुणी दुसरं असतं तर चिडलं असतं. डॉक्टरबाईंनी घराची भिंत नीट न्याहाळली आणि विचारलं, "ही सारवता कधी?"

"सणाला."

"या वर्षी रोज सारवा. डाव्या हातानं. जिथवर हात जाईल तिथवरच."

काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो, तर भिंतीवर ओल्या सारवणाचा पट्टा कमरेपासून डोक्याच्या वर चढलेला आणि हौसाबाई दारात उभ्या. वेणी घातलेली, वर अबोलीचं फूल! बाईंनी त्यांना मिठी मारली. परतीची गाडी त्या दिवशी आलीच नाही. हौसाबाईंच्या घरी मासे-भात खाऊन आम्ही दुधाच्या टेम्पोतून घरी आलो, आणि वाटभर बाई लहान मुलीसारख्या बडबडत होत्या.

बाईंची पद्धत अगदी साधी होती. पिंपळवंडीजवळ कालव्याच्या भरावावर सपाट वाट आहे. तिथे आठवड्यातून तीन सकाळी आमचा वर्ग भरायचा. नियम एकच. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच श्वासासाठी तुटलं, तर थांबायचं. उभं राहायचं. वाक्य पुरं करता आलं की पुढे. घड्याळ नाही, शर्यत नाही. आमचे पेशंट शेतकरी, त्यांना रस्त्यानं नुसतं बोलत जायला काय हरकत? कांद्याचा भाव, जावयाचे अवगुण, सोसायटीची निवडणूक, विषयांना तोटा नव्हता. माझं काम शेवटच्या माणसाच्या मागे चालायचं आणि कान उघडे ठेवायचं. आयुष्यभर मुलांना "बोलू नका!" म्हणून ओरडलो, आणि आता म्हाताऱ्यांना "बोला, बोला!" म्हणून विनवत होतो.

आता तात्या. पिंपळवंडीच्या एका मळ्यातले तात्या आज या कार्यक्रमाचे मानकरी आहेत, त्यांना ओळख लागत नाही. पण परगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे यात्रा म्हणजे बैलगाडा. चढाचा लांब घाट, हलका गाडा, पुढे वाट दाखवायला घोडीवरचा स्वार, आणि मागे वाऱ्यासारखे येणारे बैल. प्रत्येक धावेला बारी म्हणतात. गावच्या यात्रेत पहिल्या बारीचा मान तात्यांच्या घराला. रीत अशी, की मळ्यापासून घाटापर्यंत बैल वाजतगाजत न्यायचे आणि कासरा घरातल्या कर्त्या वडीलधाऱ्यानं हातात धरून पायी न्यायचा. कर्ता माणूस चालू शकला नाही, तर मान भावकीतल्या दुसऱ्या घराकडे जातो. पोराच्या हाती कासरा देऊन भागत नाही.

आणि हे तात्या कांद्याच्या रानात चक्कर येऊन पडले. पुण्याला नेलं, पेसमेकर बसला, परत आले आणि पडवीतल्या खाटेवर गेले. पत्नी भामाबाई उशाला, मुलगा किसन पायथ्याला. बैल समोर दावणीला. तात्या बैलांकडे बघत आणि बैल तात्यांकडे बघत. यात्रा चैत्रात, आणि हे दिवाळीनंतरचं. भावकीतून कुणीतरी काळजीच्या सुरात विचारूनही गेलं, "यंदा कासऱ्याचं कसं करायचं?" त्या दिवशी तात्या जेवले नाहीत.

बाई घरी गेल्या तेव्हा तात्यांनी एवढंच विचारलं, "बाई, घाटापतूर चालंन का मी?"

"चालाल. पण आजपासून सुरुवात करावी लागेल."

भामाबाई मध्ये पडल्या. "अवो, बॅटरी संपली मंजी? तुमी पुन्यात बसवून द्याल, पन मधल्या मधी मानूस गेला तर?"

बाईंनी तिथेच पडवीत बसकण मारली आणि बैलांकडे बोट केलं. "भामाबाई, घोडी पुढे धावते म्हणून गाडा ती ओढते का? ओढतात बैल. तशी ही बॅटरी. ती नुसती वेळेवर हाक देते. ओढायचं काम तात्यांच्या हृदयाचंच आहे, आणि बसून राहिलेला बैल काय कामाचा राहतो ते तुम्हीच मला सांगा. तात्या झोपले तरी ती बॅटरी चालूच असते. चालल्यानं तिला फारसा फरक पडत नाही. खाटेवर निजून तिची काही बचत होत नाही."

बैलांचा दाखला पटला. तात्या वर्गाला येऊ लागले. आणि इथेच घोळ झाला.

तात्या वर्गाला यायचे ते छाती धरून. "बाई, आत गाडा सुटल्यावानी धडधडतंय." बाई बसवत, नाडी धरत. थोड्या वेळानं ठीक व्हायचं. मग आम्ही चालायचो, तेव्हा तात्या उत्तम. शिव्यासुद्धा पूर्ण वाक्यात! पण घरी गेले की पुन्हा तेच, धडधड, घाम, भीती. किसन चिडून म्हणाला, "बाईंच्या चालन्यानं यंत्र बिघडलं." गावात बोलणं पसरायला वेळ लागतो का? 'म्हाताऱ्यांना पळवून मारायला निघाल्यात' इथपर्यंत गोष्ट गेली. पुढच्या सकाळी भरावावर मी आणि बाई दोघंच. एकही पेशंट नाही. कालव्याचं पाणी तेवढं वाहत होतं.

बाई रिकाम्या भरावावर येरझाऱ्या घालू लागल्या. त्यांना असं एकटं पाहून मला फार वाईट वाटलं. मग त्या एकदम वळल्या. "सर, तात्या इथवर कशानं येतात हो?"

"कशानं म्हणजे? ट्रॅक्टरनं. किसन आणतो मडगार्डवर बसवून. मळ्यापासून चालवायला नको म्हणून. बॅटरी जपतात ना!"

बाईंचे डोळे असे चमकले! "चला," म्हणाल्या, आणि मला मागे टाकून तात्यांच्या मळ्याच्या वाटेला लागल्या. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, पण मला पळावं लागलं.

मळ्यात पोचताच हुकूम सुटला. "किसन, ट्रॅक्टर काढा. तात्या, बसा रोजच्यासारखे. मी या बाजूला बसते." साठी उलटलेल्या बाई पदर खोचून दुसऱ्या मडगार्डवर चढल्या. एका हातानं लोखंड धरलेलं, दुसरा हात किसनच्या पाठीमागून तात्यांच्या मनगटावर. भामाबाई कपाळाला हात लावून बघत राहिल्या. ट्रॅक्टर निघाला. मळ्याची वाट कशी असते तुम्हाला माहीत आहे. खड्डा, दगड, चाकोरी, पुन्हा खड्डा. मी मागून धावतोय, मधेच बाईंचा आवाज येतोय, "वाढली! वाढली! अजून वाढली!"

"बाई, थांबवू का?" किसन ओरडला.

"थांबवा! इंजिन बंद!"

सगळं शांत झालं. बाई डोळे मिटून नाडी मोजत होत्या. तात्या घामेजलेले. थोड्या वेळानं बाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "उतरली. किसन, पुन्हा चालू करा."

पुन्हा धक्के, पुन्हा नाडी वर. पुन्हा बंद, पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेला बाईंनी मडगार्डवरूनच टाळी वाजवली. पडतात की काय म्हणून मी खालून दोन्ही हात पसरले! "सापडलं, सर! सापडलं! तात्या, तुमचं यंत्र बिघडलेलं नाही. फार हुशार आहे ते!"

मग त्यांनी तिथेच, वाटेवर, सगळ्यांना समजावून सांगितलं. तात्यांचं यंत्र त्या काळी नव्यानं आलेल्या जातीचं होतं. माणूस चालू लागला की अंगाला जी हालचाल होते, ती यंत्राला कळते आणि ते ठोके वाढवतं, म्हणजे चालताना दम लागत नाही. पण ट्रॅक्टरचे धक्के आणि चालणं यातला फरक त्याला कळत नाही. अंग हादरलं की त्याला वाटतं, धनी पळतोय. तात्या मडगार्डवर बसलेले, आणि आत हृदय मात्र घाटातून धावत सुटलेलं.

"मंजी," किसनचा आवाज चिरकला, "आमी जपाया गेलो आन् त्यानंच..."

"तुमची काही चूक नाही," बाई म्हणाल्या. "विचारायला हवं होतं ते मी. पेशंट दारात उभा राहिला की तो आला कशानं, हे मी एकदाही विचारलं नाही."

हे त्या फक्त किसनला म्हणाल्या नाहीत. पुढच्या वर्गाला जे चार जण भीत भीत आले त्यांनाही सांगितलं, गावच्या पारावर सांगितलं, पुण्यातल्या डॉक्टरांनाही सांगितलं. यंत्र बसवणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांकडे तात्यांना पाठवून त्या यंत्राची संवेदनशीलता जरा कमी करून घेतली. त्यासाठी कापावं लागत नाही, छातीवर उपकरण धरून आतल्या यंत्राला समज देता येते, हे पाहून तात्या परत आल्यावर मळाभर सांगत सुटले. आणि तेव्हापासून बाईंच्या दवाखान्यात पहिला प्रश्न 'काय होतंय?' हा राहिला नाही. पहिला प्रश्न, "इथवर कशानं आलात?" त्या प्रश्नातून त्यांना घर कळतं, वाट कळते, सोबत कोण आहे ते कळतं. मोठेपण मोठेपण म्हणतात ते माझ्या मते हेच. आपली राहून गेलेली गोष्ट चव्हाट्यावर सांगायची आणि तिचा सगळ्यांना उपयोग करून द्यायचा.

चैत्र आला. तात्या आता मळ्यापासून कालव्यापर्यंत पायी येत, आणि परतही पायी जात. पण यात्रेच्या आदल्या दिवशी भामाबाईंनी बाईंना गाठलं. "घाटावर समदा तालुका असतो. गर्दी, हलगी, ऊन. काय झालं तर लोक तुमालाच बोलतील. तुमी हमी घेता का?"

मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. बाईंचा सगळा वर्गच पणाला लागलेला होता. तात्या घाटावर कोसळले असते, तर दोन्ही तालुक्यांतली एकूण एक यंत्रवाली माणसं पुन्हा खाटेवर गेली असती, ती कायमची.

"हमी नाही घेत भामाबाई," बाई शांतपणे म्हणाल्या. "हमी कुणीच देऊ शकत नाही. सोबत देते. उद्या मी तात्यांच्या शेजारून चालेन."

काय तो दिवस! बैलांची शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, गुलाल उडतोय, हलगी कडाडतेय. पुढे तात्या, पांढरं धोतर, गुलाबी फेटा, हातात कासरा. शेजारी छत्री धरून डॉक्टरबाई. मागे मी, कान टवकारून. आणि तात्या बोलत होते! बाईंचा नियम त्यांनी असा पाळला, की वाटेतलं कुणी सुटलं नाही. "आरं किसन्या, बैलाच्या मधी येऊ नको, तुला काय डोळं न्हाईत का?" पूर्ण वाक्य. "सरपंच, तुमच्या ह्या रस्त्यावर खडी कवा पडायची ते एकदा सांगून टाका." तेही पूर्ण. माझ्या जिवात जीव येत होता.

घाटाखालचा शेवटचा चढ लागला. लाऊडस्पीकरवरून निवेदकानं पुकारा केला, "मानाचा गाडा येतोय, मंडळी, वाट द्या!" दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. आणि अर्ध्या चढावर तात्यांचं वाक्य तुटलं.

"किसन्या, हलगी..." एवढंच. पुढचा शब्द आला नाही.

तात्या थांबले. बाईही थांबल्या. त्यांनी नाडी धरली नाही, खुर्ची मागवली नाही, काहीही केलं नाही. फक्त छत्री तात्यांच्या डोक्यावर नीट धरली आणि उभ्या राहिल्या. बैल थांबले. हलगीवाल्यानं हात खाली केला. निवेदकसुद्धा गप्प झाला. अख्खी यात्रा एका म्हाताऱ्याच्या श्वासाकडे बघत होती. किसन पुढे झाला तर बाईंनी नजरेनंच त्याला थांबवलं. भामाबाईंचे ओठ हलत होते. माझा हात सवयीनं खिशात गेला, पण शिट्टी तिथे नव्हती.

मग तात्यांनी मान वर केली.

"किसन्या, हलगीवाल्याला काय झोप लागली का रं, का त्याचा बी ठोका चुकला?"

पूर्ण वाक्य! हशा असा फुटला की बैल बिचकले. हलगी कडाडली, तात्या चालले, घाटाच्या तोंडाशी जाऊन त्यांनी कासरा जुंपणाऱ्यांच्या हाती दिला आणि मागे वळून बाईंना हात जोडले. घोडी सुटली, मागोमाग बैल, आणि निवेदकाची ती लांबलचक आरोळी, "झालीऽऽ... भिर्रर्रर्र!" बाई फेट्यांच्या गर्दीत छत्री उंच नाचवत ओरडत होत्या. बारी कितवी आली ते मला आठवत नाही. मी रडत होतो.

पुढच्या वर्गाला भराव पुरेना. बोरी बुद्रुकहून, नारायणगावहून, पार डिंभ्याहून माणसं आली. सगळ्यांत पुढे हौसाबाई, डाव्या हातानं पदर सावरत.

बाईंच्या मायेचा मला आलेला एक अनुभव सांगायलाच हवा. मी निवृत्त झालो तेव्हा महिनाभर घरात तोंड लपवून बसलो होतो. घंटा नाही, मुलं नाहीत, करायचं काय? एक दिवस बाई आल्या. त्यांनी माझी ती शिट्टी, नव्या दोरीत ओवून, माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "आता ही वाजवायला हरकत नाही. शेतातली पाखरं उडवा. आणि उद्या सकाळी भरावावर या, शेवटच्या माणसाच्या मागे कुणी नाही." दुसऱ्या दिवशी मी गेलो.

आणि आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. सत्कार समितीची बैठक शाळेत होती. मिरवणुकीसाठी फुलांनी सजवलेला ट्रॅक्टर ठरला होता. ट्रॅक्टर कुणाचा, तर किसनचा! दुसरी बॅटरी बसवून ऐंशीच्या घरात पोचलेले तात्या अध्यक्षांच्या शेजारी बसले होते. बाई जरा उशिरा आल्या. ट्रॅक्टरचं ऐकून त्या खूप हसल्या. मग अवघडून म्हणाल्या, "ट्रॅक्टर नको. तुम्हाला सांगितलं नाही मी. दिवाळीनंतर मलाही बसवलंय. तात्यांसारखंच."

तात्यांनी जागेवरून सरळ विचारलं, "बाई, मग हितवर कशानं आलात?"

बाईंची मान खाली गेली. "रिक्षानं. भाची चालू देत नाही. म्हणते, जपायला हवं. महिनाभर खिडकीतच बसून आहे मी."

तात्या काठी टेकत उठले. "चला. घरी सोडतो."

बैठक तिथेच मोडली. तात्या आणि बाई पुढे, आम्ही सगळे मागे, मी सर्वांत शेवटी, कान उघडे ठेवून. वेशीपासून बाईंच्या घराकडे जाताना थोडा चढ आहे. तिथे बाई बोलता बोलता थांबल्या. तात्याही थांबले. त्यांनी काही केलं नाही. काठी हातात घेऊन नुसते शेजारी उभे राहिले. आम्हीही जागच्या जागी. दारात भाची डोळे मोठे करून बघत होती.

मग बाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "सर, त्या गौरवग्रंथात माझं उगाच कौतुक लिहिलंत, तर शिट्टी पुन्हा काढून घेईन, सांगून ठेवते!"

पूर्ण वाक्य होतं. आम्ही पुढे चालू लागलो.

बाई, मिरवणूक पायीच निघेल. त्यानंतरही भरावावरची वाट रोज सकाळी तुमची आहे, आणि अजून पुष्कळ पुष्कळ वर्षं तुम्ही आम्हाला असंच पूर्ण वाक्यात रागावत राहा. शिट्टी मी धुऊन-पुसून तयार ठेवली आहे.